दोन वधू, दोन वर : मराठी विवाहवेशातील चिन्हव्यवस्थेचा विचार

१. प्रास्ताविक

विवाहप्रसंगीचा वेश हा विषय साहित्याच्या अभ्यासकाने हाती घ्यावा काय, अशी शंका प्रारंभीच उपस्थित होण्याचा संभव आहे. वेशाचा अभ्यास हे समाजशास्त्राचे आणि मानववंशशास्त्राचे क्षेत्र आहे, असे सामान्यतः मानले जाते. डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील इंग्रजी ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला, तो याच परंपरेतला. परंतु वेश ही केवळ वस्तू नसून ते चिन्हही आहे, हा विचार भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासातूनच पुढे आला, हे विसरून चालणार नाही. प्योत्र बोगातिरेव्ह या अभ्यासकाने १९३७ साली मोराव्हियातील लोकवेशाचा अभ्यास केला. एकच वस्त्र अंग झाकते आणि त्याच वेळी परिधान करणारी व्यक्ती विवाहित की अविवाहित हेही सांगते, हे त्याने त्या अभ्यासात दाखवून दिले. पुढे रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली फॅशनवरील आपल्या ग्रंथात प्रत्यक्ष वेश, चित्रातील वेश आणि शब्दांतील वेश असा भेद केला. प्रस्तुत निबंधात ही दृष्टी स्वीकारून मराठी विवाहवेशाचा विचार करावयाचा आहे. तोही एका विशिष्ट प्रश्नाच्या संदर्भात : दोन स्त्रियांचा अथवा दोन पुरुषांचा विवाह होतो, तेव्हा या वेशाच्या भाषेचे काय होते?

हा प्रश्न प्रस्तुत लेखिकेला ग्रंथालयात सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात असलेली एक विद्यार्थिनी विभागात भेटावयास आली. ती आणि तिची मैत्रीण गेली काही वर्षे एकत्र राहत होत्या. दोन्ही घरांतील निवडक माणसांच्या साक्षीने घरच्या घरी विवाहविधी करावयाचा, असे ठरले होते. घरच्यांचा विरोध मावळला होता, आणि खरी अडचण त्यानंतरच सुरू झाली. विद्यार्थिनीच्या मावशीने आजीची पैठणी आनंदाने बाहेर काढली, परंतु पैठणी एकच होती. मैत्रिणीचे केस आखूड, चालणे-बोलणे मोकळे. तिच्यासाठी घरच्यांनी आपण होऊन झब्बा आणि फेटा आणला. "मॅडम, कोणीच वाईट हेतूने वागलं नाही," विद्यार्थिनी म्हणाली, "पण फेटा बघून ती रात्रभर रडली. तिलाही शालूच नेसायचा होता."

या प्रसंगातील फेटा प्रेमाने आणलेला होता, हे महत्त्वाचे आहे. 'तुमच्यापैकी नवरा कोण?' हा प्रश्न अशा जोडप्यांना हमखास विचारला जातो. येथे तो शब्दांनी विचारला गेला नाही, वस्त्राने विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांनी त्याचे उत्तरही परस्पर देऊन टाकले. हा प्रश्न मराठी विवाहवेशाच्या व्यवस्थेतून खरोखरच उद्भवतो काय, हे तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२. क्रियापदांची साक्ष

वेशाविषयी भाषा काय सांगते हे पाहावयाचे तर नामांपेक्षा क्रियापदांकडे वळणे इष्ट ठरते. इंग्रजीत एका क्रियापदाने जे काम भागते, त्यासाठी मराठीत क्रियापदांचे एक कुटुंबच आहे. सदरा घालतात, लुगडे नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, कुंकू लावतात, बांगड्या भरतात, दागिने लेतात. ही विभागणी कोणत्या तत्त्वावर झालेली आहे? प्रथमदर्शनी ती स्त्रीपुरुषभेदावर आधारलेली असावी असे वाटते. परंतु लुगडे जसे नेसतात तसेच धोतरही नेसतात, सोवळेही नेसतात. न शिवलेले, कमरेभोवती गुंडाळून खोचावयाचे वस्त्र 'नेसावयाचे' असते, मग ते नेसणारी व्यक्ती स्त्री असो वा पुरुष. क्रियापद पाहते ते वस्त्राच्या रचनेकडे आणि हाताच्या कृतीकडे. नऊवारीचा कासोटा आणि धोतराचा कासोटा यांतील साम्य या क्रियापदाला ठाऊक आहे.

'नटणे' हे क्रियापदही या दृष्टीने बोलके आहे. त्याचे नाते 'नट' या शब्दाशी आहे. नवरीसारखी नटली, असे आपण सहज म्हणतो, तेव्हा वधू होणे ही काही काळापुरती धारण केलेली भूमिका आहे, हे भाषेने जणू मान्य केलेले असते. 'रंगभूषा' हा शब्द तर रंगभूमीच्या व्यवहारातलाच. जुडिथ बटलर यांनी १९९० साली लिंगभाव हा पुनःपुन्हा केलेल्या कृतींतून घडत जातो, अशी मांडणी केली. त्या मांडणीचा सांगोपांग विचार येथे अभिप्रेत नाही. मात्र 'नटणे' या साध्या घरगुती शब्दात त्या विचाराला जवळची अशी एक जाणीव वावरते, एवढे नोंदविणे आवश्यक वाटते.

क्रियापदांची ही उदारता नामांमध्ये आढळत नाही. 'वधूवर' हा द्वंद्व समास दोन भिन्न लिंगांची पदे गृहीत धरतो. लग्नपत्रिकेत एका नावामागे 'चि.' आणि दुसऱ्यामागे 'चि. सौ. कां.' येते, आणि सौभाग्याची कांक्षा केवळ एकाच नावाला चिकटते. म्हणजे क्रियापदे विचारतात, वस्त्र कसे परिधान केले? नामे विचारतात, परिधान करणारी व्यक्ती कोण? विवाहवेशातील सगळा ताण या दोन प्रश्नांमधला आहे.

३. विवाहवेशाचे तीन स्तर

महाराष्ट्रातील विवाहवेश जातीपरत्वे, प्रदेशपरत्वे आणि धर्मपरत्वे भिन्न आहे. तरीही त्यातील चिन्हांचे स्थूलमानाने तीन स्तर मानता येतात.

पहिला स्तर समाईक चिन्हांचा. मुंडावळ्या हे याचे उत्तम उदाहरण होय. मोत्यांच्या अथवा फुलांच्या या सरी वधूच्याही कपाळावर बांधल्या जातात आणि वराच्याही. विवाहविधीत उभी असलेली व्यक्ती कोणती, हे दुरूनही कळावे असे हे चिन्ह आहे, आणि ते दोघांनाही समान आहे. परस्परांना घालावयाचे हार, मस्तकावर पडणाऱ्या अक्षता आणि दृष्ट लागू नये म्हणून लावलेले काजळाचे गालबोट हीही याच स्तरात येतात. अंतरपाट हे तर कोणीच परिधान न केलेले वस्त्र. तो दोघांच्या मध्ये असतो आणि दूर होण्यासाठीच धरलेला असतो.

दुसरा स्तर जोडचिन्हांचा. यात दोन बाजूंना दोन भिन्न वस्तू असतात, परंतु त्यांचा अर्थ एकमेकींवाचून पुरा होत नाही. वराचे उपरणे आणि वधूचा शेला यांची गाठ हे त्याचे ठळक उदाहरण. येथे अर्थ गाठीत असतो, वस्त्रांच्या भिन्नतेत नसतो. शेल्याला शेला बांधला किंवा उपरण्याला उपरणे बांधले, तरी गाठ गाठच राहते.

तिसरा स्तर एकेरी चिन्हांचा. मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा आणि नथ ही चिन्हे फक्त वधूच्या अंगावर येतात. मामाकडून आलेली पिवळी अष्टपुत्री तर आपल्या नावातच अनेक पुत्रांचा आशीर्वाद बाळगते. वराच्या बाजूला फेटा किंवा पगडी, तुरा, क्वचित भिकबाळी असा साज असतो. पण दोहोंत एक मूलभूत भेद आहे. वराची चिन्हे त्या दिवसापुरती असतात. फेटा संध्याकाळी उतरतो आणि दुसऱ्या दिवशी त्या पुरुषाच्या अंगावर तो विवाहित असल्याची कोणतीही खूण पारंपरिक वेशात उरत नाही. वधूची प्रमुख चिन्हे मात्र त्या दिवशी सुरू होतात आणि पुढे आयुष्यभर चालतात. या भेदाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

हळदीचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा, कारण ती वरवर समाईक दिसते. हळद दोघांनाही लागते, परंतु रूढ प्रथेनुसार ती आधी वराला लागते आणि उरलेली 'उष्टी हळद' वधूकडे जाते. द्रव्य एक आणि क्रम मात्र विषम. दोन वधूंच्या विवाहात हा क्रम कसा ठरवावयाचा? उष्टी हळद कोणाची आणि कोणाला? अशा वेळी हळद एकाच वाटीत कालवून दोघींना एकाच वेळी लावणे, एवढा साधा बदल पुरेसा ठरतो. या बदलाने विधीतील एकही द्रव्य कमी होत नाही. फक्त क्रमातील विषमता जाते.

४. अनुकरण, द्विरुक्ती आणि निवड

समलिंगी जोडप्यांच्या विवाहवेशात तीन पद्धती संभवतात. त्यांना अनुक्रमे अनुकरण, द्विरुक्ती आणि निवड असे म्हणता येईल.

अनुकरणाच्या पद्धतीत एक व्यक्ती वराचा आणि दुसरी वधूचा वेश घेते. ही पद्धती त्याज्य आहे असे म्हणण्याचे कारण नाही. फेटा बांधण्याची हौस असणारी स्त्री असू शकते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून, फेटे बांधून दुचाकीवर निघालेल्या स्त्रिया आपण दर वर्षी पाहतो, आणि त्यांना कोणी वर समजत नाही. फेट्याचे पुरुषवाचकत्व तेथे आधीच सैल झालेले आहे. नथ घालावीशी वाटणारा पुरुषही असू शकतो. आक्षेप अनुकरणावर नाही. ते दुसऱ्याने लादण्यावर आहे, विशेषतः केसांची लांबी किंवा चालण्याची ढब पाहून लादण्यावर.

द्विरुक्तीच्या पद्धतीत दोघी शालू नेसतात किंवा दोघे धोतर-उपरणे अथवा शेरवानी परिधान करतात. येथे मराठी व्याकरणातील द्विरुक्तीचे स्मरण होते. 'हळूहळू' किंवा 'घरोघर' या रूपांत दुसरे पद पहिल्याची केवळ नक्कल नसते. त्याने अर्थाला तीव्रता येते किंवा विस्तार येतो. दोन शालू शेजारी आले म्हणजे 'वधू' हा अर्थ दोनदा उच्चारला जातो, आणि 'वराशिवाय वधू नाही' हे गृहीत त्या क्षणी डोळ्यांदेखत बाजूला सरते.

द्विरुक्तीतही व्यावहारिक तारतम्य लागते. एकाच रंगाच्या दोन पैठण्या शेजारी आल्या की दोन्हींचे काठपदर एकमेकांत हरवतात आणि छायाचित्रात एकच मोठे वस्त्र दिसते. एकीच्या पैठणीच्या काठाचा रंग दुसरीच्या अंगाचा रंग असावा, जसे जांभळ्या पैठणीला हिरवा काठ आणि हिरवीला जांभळा. असे केल्याने दोघी भिन्नही दिसतात आणि एकमेकींच्याही दिसतात. दोन पुरुषांच्या बाबतीत सोवळ्याचा रंग एक ठेवून उपरण्यांची अदलाबदल करणे किंवा फेट्यांचे रंग परस्परांच्या उपरण्यांशी जुळविणे, हा त्याच तत्त्वाचा विस्तार होय.

तिसरी पद्धती निवडीची. ती तिन्ही स्तरांचा विचार करून काय ठेवावयाचे, काय दोघांनी घ्यावयाचे आणि काय वगळावयाचे हे ठरविते. केशभूषेत हा प्रश्न तीव्रतेने उपस्थित होतो. खोपा किंवा अंबाडा घालावयास केसांची लांबी लागते. ती नसेल तर गंगावन लावून ती निर्माण करण्याची सोय आपल्याकडे पूर्वापार आहे, आणि ज्यांना ते हवे त्यांनी अवश्य लावावे. परंतु आखूड केस ही ज्या स्त्रीची रोजची ओळख आहे, तिच्या डोक्यावर आग्रहाने गंगावन बसविणे म्हणजे तिच्या विवाहाला दुसऱ्याच कोणी स्त्रीने उभे राहणे होय. मुंडावळीला खोपा लागत नाही, दोरा लागतो. आखूड केसांच्या कपाळावरही ती बांधता येते. गजरा कानामागे चापाने अडकविता येतो, मनगटावरही बांधता येतो.

रंगभूषेविषयीही हेच म्हणता येईल. एकाच हाताने, एकाच पद्धतीने दोघींचे चेहरे रंगविले असता दोघी सारख्या दिसू लागतात, आणि वधूंपेक्षा 'वधू' नावाचा एक ठरीव मुखवटाच समोर येतो. पुरुषांच्या बाबतीत रंगभूषेचा उल्लेखही अनेकांना अस्वस्थ करतो. वस्तुतः हळद, गंध, अत्तर, गालबोट आणि पायांना लावलेले कुंकू या रूपाने वराची रंगभूषा परंपरेला मुळीच अपरिचित नाही. आपण तिला रंगभूषा म्हणत नाही, एवढेच.

निवडीची पद्धती परंपरेला सोडून आहे, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि पुरोहितावाचून विवाह लावण्याची पद्धती रूढ केली. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर परस्परांशी बोलतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५६ सालच्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील बौद्ध विवाहपद्धतीत वधू आणि वर दोघांनीही शुभ्र वस्त्रे परिधान करण्याची प्रथा पडली. रूढ हिंदू संकेतात पांढरे लुगडे वैधव्याचे सूचक होते. तोच रंग तेथे मांगल्याचा झाला, आणि तोही दोघांचा समान झाला. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसून व्यवस्थेत असतो, या सोस्यूरच्या सिद्धांताचे याहून प्रत्ययकारी उदाहरण शोधावे लागणार नाही. विवाहवेश बदलता येतो, आणि तो बदलणाऱ्यांचा वारसा आपल्याकडे दीडशे वर्षांचा आहे.

५. रंगमंच आणि साहित्य यांतील साक्ष

मराठी माणसाला पुरुषाच्या अंगावरील वधूवेश अपरिचित नाही. नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व यांची 'संगीत मानापमाना'तील भामिनी (१९११) आणि 'संगीत स्वयंवरा'तील रुक्मिणी (१९१६) यांनी एका पिढीला स्त्रीसौंदर्याचे मानदंड पुरविले. त्यांच्या लुगडी नेसण्याचे, दागिन्यांचे आणि केशरचनेचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत असत. म्हणजे स्त्रियांनी कसे नटावे, हे काही काळ एका पुरुषाने शिकविले. परंतु ही मान्यता रंगमंचाच्या चौकटीपुरती होती. पडदा पडल्यावर नटाने लुगडे उतरविणे हा त्या मान्यतेचा अलिखित करार होता.

राजन गवस यांच्या 'भंडारभोग' (१९८८) या कादंबरीत हा करार मोडलेला दिसतो. तेथे लुगडे रात्रीच्या खेळापुरते नाही. जोगत्याच्या अंगावर ते देवीच्या नावाने कायमचे येते, आणि त्यासोबत समाजाचा आदर नव्हे तर भय आणि अवहेलना येते. तेच वस्त्र, तसाच पुरुषदेह, परंतु रंगमंचाची चौकट निघाली की अर्थ उलटा होतो.

या संदर्भात श्याम सेल्वदुराई यांच्या १९९४ सालच्या 'फनी बॉय' या इंग्रजी कादंबरीचे स्मरण अपरिहार्य आहे. श्रीलंकेतील एका तमिळ कुटुंबातला लहान मुलगा आपल्या चुलत-मावस बहिणींबरोबर लग्नाचा खेळ खेळतो आणि त्यात तो नेहमी वधू होतो. त्या खेळात वराची भूमिका सर्वांत बिनमहत्त्वाची असते. वधूचे नटणे हाच खेळाचा गाभा असतो. मोठ्यांच्या दृष्टीस तो साडीत पडतो आणि तेथून त्याचे बालपण दुभंगते. त्या मुलाची दुरुस्ती करावयाची असे घरच्यांना वाटते, तेव्हा सर्वप्रथम साडी काढून घेतली जाते.

विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात विवाहविधी नाही. परंतु त्यातील मित्रा आणि नमा महाविद्यालयीन नाटकाच्या निमित्तानेच जवळ येतात, हा तपशील येथे महत्त्वाचा ठरतो. तेंडुलकरांनी त्या प्रेमाला शोकान्तिकेचा शेवट दिला. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्ल्यू' (२००६) या कादंबरीत एकाच पुरुषावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. तेथेही प्रेमाची परिणती विरहात होते. या कलाकृतींचे वाङ्मयीन मोल वादातीत आहे. त्यांत समलिंगी प्रेम आहे, दुःख आहे, लपणे आहे. मात्र दोन वधू आरशासमोर उभ्या राहून 'तुला कोणता काठ शोभेल?' असे विचारीत आहेत, हे दृश्य त्यांत नाही. प्रत्यक्ष आयुष्यात ते दृश्य आता घडू लागले आहे. साहित्याने त्याची भाषा अद्याप घडवावयाची आहे.

६. मांडवाबाहेर

येथवर विवाहाच्या दिवसाचा विचार झाला. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागते. एकेरी चिन्हांविषयी वर जे म्हटले त्याचा परिणाम येथे दिसतो.

दोन वधूंनी परस्परांना मंगळसूत्र घातले, असे समजू. मांडवात या कृतीचा अर्थ स्पष्ट आहे. मंगळसूत्रातील एक वाटी माहेरची आणि एक सासरची, असे घरोघरी सांगितले जाते. येथे दोन्ही वाट्या कोणाच्या ना कोणाच्या माहेरच्याच आहेत. शिवाय दोघींनीही ते घातल्यामुळे 'घालणारी' आणि 'न घालणारा' हा विरोध नाहीसा होतो, आणि स्वामित्वाचा जो अर्थ स्त्रीवादी समीक्षेने या चिन्हात वाचला, त्याला आधार उरत नाही. परंतु त्याच दोघी दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या गाडीत शेजारी बसल्या, तर सहप्रवासिनी आपुलकीने विचारणार, "मिस्टर काय करतात?" मांडवात ज्या चिन्हाने एकीला दुसरीची ठरविले, तेच चिन्ह रस्त्यावर तिला एका अस्तित्वात नसलेल्या पुरुषाची ठरविते. चिन्ह खोटे नाही, मात्र त्याचे वाचन खोटे आहे.

दोन वरांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. पारंपरिक वेशात विवाहित पुरुषाची कायम खूणच नाही. फेटे उतरले की त्या दोघांच्या अंगावर विवाहाचे काहीही शिल्लक राहत नाही. अंगठी हे चिन्ह त्यांना बाहेरून उसने आणावे लागते. म्हणजे दोन वधूंपाशी चिन्हांचा अतिरेक आणि त्यातून होणारे चुकीचे वाचन, तर दोन वरांपाशी चिन्हांचा अभाव. 'नवरा कोण?' हा प्रश्न चुकीचा का आहे, याचे उत्तर येथे मिळते. विवाहित म्हणून ओळखले जाण्याचा संपूर्ण भार आपल्या व्यवस्थेने पूर्वीपासून एकट्या वधूवेशावर टाकलेला आहे. जोडप्यात 'नवरा' शोधून काढला तरी तो भार हलत नाही, कारण वरवेशाला तो कधी वाहावाच लागला नव्हता.

कायद्याच्या स्थितीमुळे या प्रश्नाला आणखी एक परिमाण प्राप्त होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातील 'वधू' या शब्दात पारलिंगी स्त्रीचा समावेश होतो, असा निर्णय दिला. एका नामाच्या अर्थावर एका विवाहाची नोंदणी अवलंबून होती, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी 'सुप्रियो' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहांना कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि हा प्रश्न कायदेमंडळाचा असल्याचे म्हटले. त्या निर्णयावरील पुनर्विलोकन याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. असा विधी घरी करणे हा गुन्हा नाही, मात्र त्याची नोंद कोठेही होत नाही.

इंग्लंडमध्ये मार्च २०१४ पासून, अमेरिकेत देशभर जून २०१५ पासून आणि कॅनडात देशभर जुलै २००५ पासून असे विवाह कायदेशीर आहेत. तेथील एखाद्या मराठी जोडप्याने पैठणी नेसून किंवा फेटा बांधून विवाह केला, तर पैठणी हा त्यांचा उत्सव असतो आणि पुरावा नोंदणीपत्रात असतो. येथे नोंदणीपत्र नाही. १९८७ साली मध्य प्रदेशातील पोलीस दलातील दोन स्त्री शिपायांनी परस्परांशी विवाह केला आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. त्यांच्यापाशीही विधीखेरीज दुसरे काही नव्हते. ज्या विवाहाला सरकारी दप्तरात जागा नाही, त्याचे दप्तर म्हणजे त्या दिवशीचा वेश, त्या दिवशीची छायाचित्रे आणि पाहिलेली माणसे. शालूचा रंग, केसांची रचना, कपाळावरची मुंडावळ यांची निवड म्हणूनच क्षुल्लक हौस ठरत नाही. ते साक्षीपत्र आहे, आणि साक्षीपत्रातील मजकूर ज्याचा त्याने लिहावा लागतो.

७. समारोप

मराठी विवाहवेश हा सर्वस्वी स्त्रीपुरुषभेदावर उभा आहे, हा समज वरील विवेचनाने टिकत नाही. त्यातील समाईक चिन्हे दोघांची आहेतच. जोडचिन्हांचा अर्थ गाठीत आहे. प्रश्न उरतो तो एकेरी चिन्हांचा, आणि ती समलिंगी विवाहापूर्वीही प्रश्नांकित होतीच. दोन वधू किंवा दोन वर मांडवात उभे राहतात तेव्हा परंपरा मोडत नाही. तिच्यातील समानतेचा भाग कोणता आणि विषमतेचा कोणता, हे प्रथमच इतक्या लख्खपणे वेगळे होऊन दिसते. या निमित्ताने नव्याने लिहिली जाणारी मंगलाष्टके, बदललेले उखाणे आणि 'चि. सौ. कां.' दोनदा छापलेल्या किंवा मुळीच न छापलेल्या पत्रिका ही सर्व सामग्री संशोधक विद्यार्थ्यांनी वेळीच जमा करावयास हवी. अशी कागदपत्रे घराच्या कपाटात राहतात आणि घराबरोबरच नाहीशी होतात.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने पुढे कळविले. मावशींनी आजीची पैठणी मैत्रिणीला नेसविली आणि विद्यार्थिनीसाठी काठाचा रंग पाहून दुसरी आणली. हळद एकाच वाटीत कालविली. आखूड केसांवर मुंडावळ नीट बसेना, तेव्हा मावशींनी स्वतःच्या अंबाड्यातले दोन आकडे काढून ती बसविली. आणलेला फेटा शेवटी विद्यार्थिनीच्या वडिलांनी बांधला. मंगळसूत्राविषयी मात्र दोघींचा निर्णय झालेला नाही. ते करून आणलेले आहे आणि डबीत आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते तो निर्णय होण्यास वेळ लागणे हे योग्यच होय, कारण त्या चिन्हाचा अर्थ केवळ त्या दोघींच्या हाती नाही. तो वाचणाऱ्या आपणा सर्वांच्याही हाती आहे.